ताईच्या मनगटातला भुंगा

सुरुवातीलाच सांगतो. मी या ग्रुपवर असे अनुभव वाचायला येत नाही, खोडून काढायला येतो. जुन्या मेंबरांना ते चांगलं ठाऊक आहे. भगत, दोरे, उतारे यांच्याविरुद्ध डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत मी पत्रकं वाटली आहेत, आणि ती लिहिलीही मीच. "पुरावा दाखवा" हे माझं आवडतं वाक्य. आज ते वाक्य तुम्ही मला ऐकवा... माझ्याकडे पुरावा अर्धाच आहे. तरी लिहितो.

२०१७ सालची गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीच्या, सुनंदाताईच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिचं सासर धाकटी डहाणूला, भावोजी बोटीवर. आईची किडनी जुळली तशी ताई आमच्याकडे मसोलीला राहायला आली. मुंबईचं ऑपरेशन महिन्यावर आलं होतं. तोवर आठवड्यातून तीनदा वापीला डायलिसिस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — डायलिसिसच्या सुया टोचायला मनगटाजवळ एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त इतक्या जोरात धावतं की वर तळहात ठेवला तर गुणगुण लागते, काड्यापेटीत भुंगा कोंडल्यासारखी. गुणगुण थांबली म्हणजे आत गुठळी झाली. सर्जनने ती वेळेत काढली तर ठीक, नाहीतर फिस्टुला कायमचा गेला. ताईचा उजव्या हाताचा आधीच गेला होता. डावा गेला असता तर मानेत नळी, नळीतून इन्फेक्शन, आणि ऑपरेशन पुढे ढकललं... तिच्याकडे ढकलायला दिवस नव्हते.

म्हणून रोज सकाळी मी उजवा तळहात तिच्या मनगटावर ठेवायचो.

"चालू आहे."

"मीटर बघून झालं? जा आता," ताई म्हणायची.

त्या आठवड्यात तिच्या सासूबाई भेटायला आल्या आणि भगताकडचा काळा दोरा तिच्या डाव्या मनगटाला बांधून गेल्या. मी तो कात्रीने कापला. वर भाषणही दिलं — फिस्टुलाच्या हाताला दोरा, बांगडी, घड्याळ, बीपीचा पट्टा काही चालत नाही, कितीदा छापायचं?

"सैल होता रे," आई म्हणाली. "त्यांनी मायेने बांधला होता."

"मायेने गुठळी थांबत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात टाकलं.

रविवारी तलासरीला आमचं किडनी तपासणी शिबिर होतं. निघण्याआधी ताईचा हात बघितला, चालू होता. शिबिरासाठी रबरी पट्ट्या छापून आणल्या होत्या, पांढऱ्या, वर लाल अक्षरांत "हा हात जपा". जपायचा हात कोणता हे कुणालाही दिसावं म्हणून एक पट्टी ताईच्या डाव्या मनगटात चढवली; आपलीच पट्टीही त्या दोरा-बांगडीच्या यादीत येते हे डोक्यातही आलं नाही. आदल्या दिवशीच्या डायलिसिसने तिचं बीपी खाली होतं, ती पडूनच होती. मी बाईक काढली.

शिबिर शाळेच्या एका वर्गात. बाहेर लख्ख ऊन, आत रांग. शैला सिस्टर बीपी तपासत होत्या, मी फळ्यापाशी उभा राहून दोऱ्यांविरुद्ध बोलत होतो. बोलता बोलता उजव्या तळहातात गुणगुण सुरू झाली. खिशातला मोबाईल समजून मी खिसा चाचपला. मोबाईल टेबलावर होता.

हात झटकला. गेली नाही. शेवटी सिस्टरांसमोर हात धरला.

"काय झालं? पत्रकं वाटून मुंग्या आल्या?"

"हात लावून बघा."

त्यांनी बोट लावलं आणि त्यांचं हसू गेलं. स्टेथोस्कोप माझ्या तळहातावर ठेवला, दुसऱ्या हाताने माझी नाडी धरली. सिस्टर वीस वर्षं नोकरी केलेल्या, देवाधर्मापेक्षा घड्याळावर विश्वास असलेल्या बाई.

"हा फिस्टुलाचा आवाज आहे," त्या हळू म्हणाल्या. "तुमचं कधी ऑपरेशन झालंय?"

"नाही."

"मग... तुमची नाडी एका चालीने चाललीय आणि हा आवाज दुसऱ्याच. हा तुमच्या छातीतून येत नाहीये."

रांगेतले एक म्हातारेबाबा म्हणाले, "दोरा बांध दादा, बरा होशील." सगळा वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण त्याच क्षणी गुणगुण अडखळली, दोनदा उचकी लागल्यासारखी झाली आणि बंद पडली. सिस्टरांनी कानातून नळ्या काढल्या नाहीत. "थांबला," म्हणाल्या. नाडी मोजायला घड्याळाकडेच बघत होत्या, म्हणून वेळ कळली. बारा चाळीस.

मी घरी फोन लावला.

"आई, ताईचा हात बघ."

"आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"उठव. तळहात ठेव."

पलीकडे कॉट करकरली.

"आई?"

"लागत नाही रे."

"नीट ठेव."

"नीटच ठेवलाय. तुझी पट्टी रुतलीय तिच्या मनगटात. हात सुजलाय सगळा."

पट्टी कापायला सांगितली. शेजाऱ्यांचा चिकू भरलेला टेम्पो गुजरातकडे निघत होता, त्यात पुढे बसवून आईने ताईला वापीला आणलं. मी तलासरीहून सरळ तिथे पोहोचलो.

सर्जननी विचारलं, "कधी बंद पडला?"

"बारा चाळीस."

"इतकं नेमकं? हातावर हात ठेवून बसला होता काय?"

"आईने बघितलं," मी म्हणालो. पुरावे मागत फिरणारा मी, सरळ खोटं बोललो. आई माझ्याकडे बघत राहिली.

गुठळी ताजी होती, निघाली. संध्याकाळी ताईने स्वतःच हात पुढे केला. "घे, मीटर बघ." भुंगा चालू होता. त्याच हाताच्या जोरावर ती मुंबईपर्यंत पोहोचली. आज आईची किडनी तिच्या पोटात व्यवस्थित काम करतेय आणि ताई सासरी सगळ्यांवर आवाज चढवते.

नंतर मी दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, रोज हात ठेवून नसांना सवय लागली असेल. ठीक. पण सवय स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येते का? दुसऱ्याच चालीने? दुसरे म्हणाले, सिस्टरांची चूक असेल. सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना माझ्याकडे पाठवा." माझा तळहात त्यानंतर कधी गुणगुणला नाही. मी बरीच वाट बघितली.

आता पत्रकात एक ओळ वाढवली आहे: फिस्टुलाच्या हाताला काहीही बांधू नका, आमची पट्टीसुद्धा. उरलेल्या पट्ट्या जाळल्या. "मायेने गुठळी थांबत नाही" हे वाक्य काढून टाकलं. भगतांविरुद्ध माझं म्हणणं आजही तेच आहे, कुणाचा गैरसमज नको. तळहाताचं मात्र मला काही सांगता येत नाही, आणि जे येत नाही ते येत नाही असंच लिहितो.

फक्त एवढं नक्की माहीत आहे — भगताचा दोरा सैल होता. घट्ट पट्टी मी बांधली होती.