देवीची खोली

सुगंधा भित्री होती आणि ते ती लपवतही नसे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. सुपरवायझर नाना नुसता खाकरला तरी तिच्या हातातलं लेबल वाकडं लागायचं. भिण्याला कारणही होतं. संपात गिरणी गेल्यापासून नवरा अनंत दहिसरच्या चाळीत घरीच होता, आणि चूल पेटायची ती हिच्या पगारावर.

त्या कारखान्यात बायकांना संडास नव्हता. म्हणजे कागदावर होता, भांडंसुद्धा बसवलेलं होतं. पण परवाना हातात पडताच शेठने भांड्यावर फळी टाकून खोलीचं गोदाम केलं. वर नाना भाविक; त्याने आत देवीचा फोटो लावून रोज उदबत्ती सुरू केली. बायका मग सकाळपासून पाण्याला शिवायच्याच नाहीत. घरी पोचेपर्यंत धरून ठेवायचं. सुगंधाला सारखी उन्हाळी लागायची, लघवीला जळजळायचं, ताप यायचा. पण बोलणार कोण आणि कुणाला?

चौऱ्याऐंशी साली फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली. हे साहेब न कळवता येतात म्हणे. शेठला मात्र आदल्या दिवशीच कळलं. खोकी हलली, फळी निघाली, देवी शेठच्या केबिनमध्ये गेली आणि दारावर ‘स्त्रिया’ अशी ताज्या रंगाची पाटी लागली.

नानाने सुगंधाला बाजूला घेतलं. “खोली तू दाखवायची. तू घाबरट, जास्त बोलणार नाहीस. साहेबाने विचारलं तर सांग, रोज वापरतो. दुसरं काय बोललीस तर उद्यापासून बस घरी, नवऱ्याच्या जोडीला.”

इन्स्पेक्टर आले. “ही बघा साहेब,” म्हणत सुगंधाने दार उघडलं, आणि रोज खोकी आणायला जायच्या सवयीने उंबऱ्याबाहेर चपला काढून समोरच्या रिकाम्या भिंतीला हात जोडले.

भानावर आली तेव्हा नानाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई,” इन्स्पेक्टर सावकाश म्हणाले, “संडासात जाताना चपला काढता?”

लादी ओली आहे, पाय घसरतो, असं काहीही सांगता आलं असतं. पण परक्या पुरुषासमोर हे असलं बोलायचं म्हणून ती लाजेने अर्धी झाली होती आणि नोकरीच्या धास्तीने उरलेली अर्धी. नानाकडे बघायची तिची छाती होईना. तिला कुंदा दिसली. शेजारी बसून लेबलं लावणारी ही कुंदा गेल्या महिन्यात जागेवरच भिजली होती आणि सुट्टी होईपर्यंत उठली नव्हती.

“इथे देवी होती, साहेब,” सुगंधा म्हणाली. “आम्ही कुठेच जात नाही. घरी जाईस्तोवर धरून ठेवतो.”

साहेबांनी शेरा मारला, पुन्हा येईन म्हणून बजावलं. खोलीला आतून कडी लागली, नळाला पाणी आलं. सुगंधाला कुणी काढलं नाही. लगेच काढलं असतं तर बोभाटा झाला असता. “तुझं सावकाश बघतो,” एवढंच नाना म्हणाला, आणि त्या सावकाशला ती रोज भीत राहिली.

पण त्या खोलीत एकही बाई जाईना. देवीची जागा, विटाळली तर कोप होईल, ही एक धास्ती. दारासमोर खुर्ची टाकून बसलेला नाना, ही दुसरी. एका दुपारी कुंदा कळवळायला लागली, तरी उठेना. तेव्हा सुगंधाच उठली. नानाच्या समोरून गेली, कडी लावली, बसली.

बाहेर नाना खाकरला. पोट तटतटलं होतं, पण इतकी वर्षं धरून ठेवायला शिकलेलं अंग काही केल्या सुटेना. एक थेंब आला नाही. सुगंधाला स्वतःचाच राग आला, आणि ती तोंडावर पदर दाबून रडली. मग नळ सोडला, डोळे धुतले आणि बाहेर आली. कुंदा दाराशी पोट धरून उभी होती.

“झाला काय गो?”

“झाला,” सुगंधा म्हणाली. “काय होणा नाय. तू जा.”