चुकलेले तक्ते

रंगाच्या डब्याला कितीही घट्ट झाकण लावा, वर साय धरतेच. लाजेच्या गोष्टींचं तसंच आहे. झाकून ठेवल्या म्हणून सरत नाहीत, एकीवर एक साचतात. आज झाकण काढतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पेंटर. ट्रॉल्यांवर नावं, एमआयडीसीत पाट्या, असली कामं. शिक्षण चौथी. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला दहावीसाठी तक्ते रंगवायला सांगितले. त्या वर्गात पिंपळीची सुनीता होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. जवळ गाईड नव्हतं, म्हणून माझा प्रत्येक तक्ता ती वहीत जसाच्या तसा उतरवायची.

०

पहिला तक्ता फुलाच्या भागांचा. मी जास्वंद काढलं. पाकळ्यांवर दवाचे थेंब, मागं डोंगर, वर एक फुलपाखरू. बाई पट्टी घेऊन तक्त्याजवळ आल्या.

"तात्या, फूल फार छान. भाग कुठे आहेत?"

"फुलपाखराच्या खाली हायत, बाई."

०

दुसरा पचनसंस्थेचा. बाईंनी दिलेल्या चित्रातला माणूस उघडा होता. वर्गात पोरी बसणार, मला ते बरं दिसेना. मी त्याला धोतर नेसवलं. चांगलं बेंबीच्या वर, निऱ्यांसकट.

बाईंनी पट्टी घशापासून खाली आणली आणि धोतरापाशी थांबल्या.

"तात्या, भाकरी इथपर्यंत आली. पुढे?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तितंच मुक्काम हाय."

०

तिसरा डोळ्याचा. माझे गुरू सांगायचे, पुऱ्या झालेल्या चित्राला पुन्हा ब्रश लावू नये. म्हणून नावांच्या रेघा मी चित्राच्या बोटभर अलीकडं थांबवल्या. सुनीता वही घेऊन आली.

"तात्या, यातलं भिंग कुठलं? रेघ टेकलीच न्हाय."

"घे की अंदाजानं."

"उद्या सुई बी अंदाजानंच टोचू व्हय?"

०

चौथा हृदयाचा. बाईंच्या कागदावर उजवा कप्पा डावीकडं होता आणि डावा उजवीकडं. घाईत चुकल्या असतील, असं मला वाटलं. विचारावं तर त्यांना कमीपणा. म्हणून मी गुपचूप दुरुस्त केलं. त्याच आठवड्यात बाई बाळंतपणाला गेल्या. तक्ता भिंतीवर राहिला.

बाई परत आल्या तेव्हा बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. सुनीताची वही बघून त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तात्या, हृदय समोरच्या माणसाचं असतं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते."

मी एका दिवसात नवा तक्ता टांगला. ना डोंगर, ना फुलपाखरू. सुनीतानं तो तीनदा उतरवला. मग वही मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहायला बसली आणि पुन्हा उलटंच लिहिलं.

"डोळं मिटलं की तुमचा जुनाच दिसतो, तात्या. लई ठसठशीत काढला व्हता."

माझ्या कामाचं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मान वर करवेना.

०

दुसऱ्या दिवशी मी आपणहून वर्गात गेलो. फळ्यापुढं, पोरांकडं तोंड करून उभा राहिलो.

"बाई, माझ्यावरच काढा."

बाईंनी माझ्या निळ्या शर्टावर खडूनं हृदय काढलं, चार कप्पे पाडले. पोरं हसली. बाईंनी खडू सुनीताच्या हातात दिला.

"नावं तू दे."

ती समोर येऊन उभी राहिली.

"तात्या, उजवा हात वर करा."

मी केला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं. ओठ हलत होते. मग माझ्या उजव्या काखेपासून तिनं सावकाश रेघ ओढत आणली आणि कप्प्याच्या बोटभर अलीकडं थांबली.

"टेकवू का, तात्या?"

"टेकव, पोरी."