मिश्रीत न दिसलेलं रक्त

तुमच्या घरात रक्त पातळ होण्याची गोळी घेणारं माणूस असेल, तर त्याची थुंकी तुम्ही कधी पाहिली आहे का?

मला पाहावी लागली. आईच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून ही गोळी रोज सुरू आहे. ती हवीच, नाहीतर झडपेवर रक्ताची गाठ धरते. पण आमच्या अंबडकडच्या कितीतरी बायांसारखी आई सकाळी मिश्रीही लावते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर घासायची आणि न्हाणीत थुंकायचं. काळ्यात लाल दिसत नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

मग दंडांवर निळे डाग उठले. शेजारची काकू म्हणाली, “लेकीनं चिमटे काढले का वं?”

“तिची काय हिंमत? कापसाचं गाठोडं लागलं असंल,” आई म्हणाली. दोघी हसल्या.

कापसाच्या वेचणीने गुडघे धरले, तेव्हा बाजारात गेलेल्या आईने मेडिकलमधून पुडी आणली. कागदात गुंडाळलेल्या रंगीत सुट्या गोळ्या. कशाच्या, कुठे लिहिलेलं नाही. थोड्याच दिवसांत तिला डांबरासारखी काळी, चिकट संडास होऊ लागली. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. ती भिंत धरून चालायला लागली, तेव्हा जालन्याला नेलं. पोटात रक्तस्राव झाला होता. पुडीतल्या दुखण्याच्या गोळ्या आणि रक्त पातळ होण्याची गोळी पोटात एकत्र आल्या होत्या. रक्त चढवल्यावर ती वाचली. दवाखान्यात मिश्री नव्हती, तेव्हा कुठे तिची थुंकी लाल दिसली.

मी त्या दुकानात गेले आणि झालेलं सांगितलं.

“तुमच्या आईनं ती गोळी चालू हाय हे सांगितलंच न्हाई. आम्हाला काय सपान पडतं?” दुकानदार म्हणाला.

“तुम्ही विचारलं होतं?”

“गर्दी बघा की ताई. तुमचं बी डोकं दुखून राह्यलं वाटतं, देऊ का एखादी?”

गिऱ्हाइकं हसली. न्हाणी धुताना आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली. बोलता बोलता तो एका म्हाताऱ्या बाबांची पुडी बांधत होता, काही न विचारता. मी विचारलं, “बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?”

“हाय की. हार्टची.”

मी पुडी उचलून काउंटरवर परत ठेवली. “आधी डॉक्टरांना विचारा,” मी बाबांना म्हणाले.

उद्या सकाळी मिश्रीच्या आधी तुमच्या माणसाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावा आणि थुंकी पाहा. संडासचा रंग विचारा, लाजू नका. थुंकीत रक्त दिसलं किंवा संडास काळी असली, तर गोळी मनाने बंद न करता तडक डॉक्टरकडे न्या. आणि घरात कुठे अशी बिननावाच्या गोळ्यांची पुडी असेल, तर ती आजच शोधून फेका.