माहिती केंद्राची परीक्षा

मी आयुष्यात एकदाच पर्यटक झालो, तोही हुबळीतच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. स्टेशनजवळ पर्यटक माहिती केंद्र निघालं आणि जुन्या हुबळीत माझ्या साडीच्या दुकानासमोरच्या मलप्पाण्णांच्या साडी दुकानात परगावची गिऱ्हाइकं वाढली. माझ्या दुकानात नुसत्या माशा! (त्याही गावातल्याच.) मला वास आला. मलप्पाण्णा त्या केंद्रातल्या माणसाला नक्की काहीतरी चारत असणार! तेवढ्यात आमच्या व्यापारी संघाला सुचलं, की केंद्राचं काम कसं चालतं ते कुणीतरी गुपचूप बघून यावं. मी जातो म्हणून मी दोन्ही हात वर केले.

डोक्यावर मुलाची क्रिकेटची टोपी, गळ्यात रोल नसलेला कॅमेरा आणि बरोबर बायको.

"अहो, ओळखतील ना!"

"माणूस नवा आहे, गदगचा. तू फक्त गप्प बस, सुमन."

आमच्या सुमनला गप्प बसायला सांगितलं, तिथंच पहिली चूक झाली.

"बर्री बर्री, या, बसा," केंद्रातला तरुण हसून म्हणाला. (फुकट कोण हसतं हो?) "कुठनं आलात?"

"सोलापूर," मी म्हणालो.

"सांगली," सुमन म्हणाली. एकाच वेळी!

"म्हणजे मी सोलापूरचा, ही सांगलीची," मी सावरून घेतलं. "मिरजेला भेटलो."

"हौद्री? खरंच?" त्यानं आम्हांला खालून वर न्याहाळलं. "सामान कुठाय?"

"लॉजवर."

"कुठल्या लॉजवर?"

अख्खा जन्म हुबळीत गेला, पण एका लॉजचं नाव आठवेना! तो आता सुमनच्या मंगळसूत्राकडे बघायला लागला. पन्नाशीत पळून आलेलं जोडपं समजला की काय! मी घाईनं मुद्द्यावर आलो.

"इरकल साडी कुठं चांगली मिळते?"

आणि कान टवकारले. म्हण आता, मलप्पाण्णा म्हण!

"जुन्या हुबळीत कुठंही जावा, सगळीकडं चांगलीच." मग तो पुढं झुकला. "फक्त त्या निळ्या पाटीच्या दुकानात जाऊ नका."

निळी पाटी? निळी पाटी माझी!

"का? माल वाईट?"

"माल एक नंबर. मालक संशयी! दोन साड्या उलगडल्या की विचारतोय, 'घेणार ना नक्की?' पिशव्या बाहेर ठेवायला लावतोय. परवा एक बाई इथं येऊन रडल्या बघा."

"मग काय करायचं!" मी ताडकन उठलो. "घ्यायचं काही नाही आणि ढीगभर साड्या उलगडायला लावतात! घड्या घालायला तुम्ही येणार का?"

टोपी खाली पडली. तरुणानं माझ्याकडं बघितलं, मग सुमनकडं.

"अक्का, ते मालक हेच काय?"

"हेच," सुमन म्हणाली. "घरी पाहुण्यांना चहा टाकायच्या आधीसुद्धा विचारतात, पिणार ना नक्की?"

तो पोरगा पोट धरून हसला. सुमनही! आणि मला कळून चुकलं की माझी गिऱ्हाइकं मलप्पाण्णांनी पळवली नव्हती, मीच हाकलली होती. तोंड लपवायला कॅमेरा डोळ्याला लावला.

संघाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "काय हो, केंद्रात माहिती बरोबर देतात का?"

"फार बरोबर देतात," मी म्हणालो. "ताबडतोब बंद करायला पाहिजे!"