किरिस्तावाची साक्ष

ख्रिस्ती झाल्यावर माणूस सुधारतो का, असं मला कुणी विचारलं की मी आधी त्याला बसायला पाट देते आणि चहा टाकते. ह्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात आमचे मास्तरही आले.

मास्तर म्हणजे माझे यजमान. निजामाच्या राज्यात, भूमच्या बाजूच्या एका खेड्यात ते मिशनची शाळा चालवायचे. त्या गावात साक्ष द्यायची तर महादेवापुढं बेलभंडार उचलून शपथ घ्यावी लागे. माझे सासरे मांगवाड्यातले. त्यांना देवळाची पायरीही बंद, मग शपथ कुठली आणि साक्ष कुठली! ते ख्रिस्ती झाले, आणि एकदा त्यांच्या शेळ्या सुटून पाटलाच्या ज्वारीत शिरल्या. कुणी पाहिलं नव्हतं. तरी सासरे आपण होऊन चावडीत जाऊन सांगून आले. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं की किरिस्तावाला बेलभंडार नको, त्याचं व्हय म्हंजे व्हय. मी लग्न होऊन आले तेव्हा लोक बांधाच्या भांडणात सासऱ्यांना बोलवायला येत. आमच्याकडे वीतभर जमीन नव्हती, शब्द तेवढा होता.

पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारनं धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसवली. पोटापुरतंही ठेवीनात. गावानं ज्वारी जमिनीतल्या पेवात घातली, वर माती लोटून गुरं बांधली आणि घरटी एकानं बेलभंडार उचलला, मान कापली तरी सांगायचं नाही म्हणून. सासरे तोवर गेले होते. पाटील आमच्या दारात आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मास्तर, तुमी शपथ घेत न्हाय, ठावं हाय. पर कुणी इचारलं तर?"

"आपण होऊन सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणवठ्यावर गेले की बाया गप्प व्हायच्या. मला घरात बसवेना आणि बाहेर पडवेना. खरं सांगावं तर गाव उपाशी, खोटं बोलावं तर सासऱ्यांनी कमावलेलं पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर. मास्तरांना मी म्हटलं, आपण गाव सोडू. ते म्हणाले, प्रार्थना कर. आणि तीन दिवसांच्या सभेला धाराशिवला निघून गेले. सत्य बरोबर घेऊन गेले, घर माझ्यावर टाकून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी वाटेसाठी दशमीही बांधून दिली नाही.

त्या तीन दिवसांतच गिरदावर आला, म्हणजे महसुलाचा साहेब. चावडीपुढं सगळा गाव उभा केला. एकेकानं पेव नाही म्हणून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मला पुढं बोलावलं.

"ह्यांच्या कसमा मी रोज ऐकतो, बाई. तुम्ही लोक झूट बोलत नाही, हे ह्याच गावानं मला सांगितलं. बोला, पेव हाय का न्हाय?"

घरांच्या माळवदांवर बाया उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. एकीचीही नजर माझ्यावरून हलेना.

"न्हाय," मी म्हटलं.

त्यानं वही मिटली आणि घोड्यावर बसून गेला. इतका सहज गेला की मला रडू फुटलं. बाकी साऱ्या गावाच्या शपथेनं जे झालं नाही, ते माझ्या एका शब्दानं झालं, कारण तो शब्द सासऱ्यांचा होता. संध्याकाळी पाटलीणबाईंनी सूपभर ज्वारी पाठवली. मास्तर परत आले, त्यांना सगळं कळलं. "मी असतो तर मीही..." एवढं म्हणाले आणि थांबले. ते वाक्य त्यांनी जन्मात पुरं केलं नाही.

सुगीत पाटलाच्या शेतातली कणसं कुणीतरी खुडून नेली. आळ आला मास्तरांच्या चुलतभावाच्या मुलीवर. ते लोक ख्रिस्ती झाले नव्हते, मांगवाड्यातच राहत. पण ती पोर त्या दिवशी पहाटेपासून माझ्याकडे जात्यावर दळत बसली होती. दुपारी माझ्याच ताटात जेवली होती. मी धावत चावडीत गेले आणि हे सगळं सांगितलं.

पाटील रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं हसले.

"बाई, तुमी मनाच्या लई चांगल्या. तवा गिरदावरापुढं आमच्यासाठी बोललाव, आता तिच्यासाठी."

लोकही हसले. चांगलं हसले, आपल्या माणसाला हसावं तसे. पाटलांनी तिच्या बापाचं वर्षाचं बलुतं बंद केलं, म्हणजे त्या घराची भाकरीच बंद झाली. पोरीनं माझा पदर धरला.

"काकू, सांगा की अजून येकदा. तुमचं ऐकत्यात."

मी अजून एकदा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, येशूचं नाव घेऊन सांगितलं. माणसं धोतर झटकत उठून घराकडं चालली होती.