नखाला अडकलं की बाद

शेवटची भेटले तेव्हा महानंदा दवाखान्यातल्या नर्सशी भांडत होती. नर्स तिची नखं कापायला बसलेली. नऊ बोटं हिनं निमूट दिली, उजवा अंगठा मात्र मुठीत लपवला. "ह्याला हात लावायचा न्हाय. हत्यार हाय माझं!" नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "बाई, हिच्या नादी लागू नका, मोठमोठे साहेब थकलेत." चार दिवसांनी फोन आला... महिना होत आला, पण माझा राग अजून उतरलेला नाही. एवढी काय घाई होती हिला?

पोलिसात आम्ही दोघी एकदमच भरती झालो. पुढं ती नव्या पोरींना पिस्तूल शिकवायची. खऱ्या गोळीच्या आधी डमी राऊंड, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस. भरायचं, चाप ओढायचा, काढायचं, दिवसभर तेच. लोकांना वाटतं, खोट्याला काय होतंय? लई होतं! आत-बाहेर करून बुडाची कडा कुरतडली जाते. पिन आपटते तिथलं मऊ रबर खचून खड्डा पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरचा लाल रंग उडतो. मग डमी कुठली आणि जिवंत गोळी कुठली, घाईत भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून वर्गाआधी महानंदा प्रत्येक डमी डोळ्यांसमोर धरायची, कडेवरून ते नख फिरवायची. रंग उडालेला दिसला की बाद, नखाला अडकलं की बाद. आणि बाद म्हणजे पेटीत परत नाही, ऐरणीवर ठेवून हातोडीनं चपटी.

एकदा पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं आणि हिनं सकाळीच निम्म्याहून जास्त डम्या चेपून टाकल्या. साहेब खवळले. "रंग मारून घ्यायचा होता, बाई! आजच्या दिवस चालल्या असत्या."

"रंग मारून खड्डा बुजत न्हाय, साहेब. आन् उद्या पोरीच्या हातात चुकून खरी गोळी गेली तर घरी सांगायला कोन जानार, तुमी का मी?"

प्रात्यक्षिक रद्द झालं आणि हिला उचलून गेटवर बसवलं. मी समजवायला गेले, माफी माग आणि मोकळी हो म्हटलं. बाईसाहेब खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. "गेट बी राखते की, शकू. झक मारत बोलवतील." कुणी बोलावलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती गेटवरच राहिली, पण माफी काही मागितली नाही. नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका नेमबाजी क्लबात यंत्रमाग कामगारांच्या पोरींना शिकवायला लागली. नियम तोच, हातोडी तीच.

परवा त्या क्लबानं वर्ग घ्यायला मला बोलावलं. पोरी रांगेत उभ्या होत्या. पेटी उघडली, तर ती आजारी पडल्यापासून त्याच डम्या वापरात. रंग कुठल्या कुठं गेलेला. सेक्रेटरी म्हणाले, "नव्या मागवल्यात, मॅडम. तोवर चालतंय की."

चालतंय की! माझ्या डोक्यात सणकच गेली. महिनाभर मी उजव्या अंगठ्याचं नख कापलेलं नाही, मुद्दाम. ते पहिल्या डमीवरून फिरवलं. अडकलं. दुसरीला अडकलं... हातोडी खिडकीत तिच्या जागेवरच होती, दांड्याला तिनं गुंडाळलेली जुन्या चादरीची पट्टी तशीच. मी एकेक करून सगळी पेटी चेपली.

"आता आज पोरी शिकणार काय?" सेक्रेटरी ओरडले.

"उभं राहायला," मी म्हटलं.