बिनसहीचं चित्र

मी मुखेडला फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. तालुक्यातल्या साहेबांचे वाढदिवस आमच्याच दुकानातून निघत. माझं काम चेहरे सुधारण्याचं. चामखीळ पुसायची, दुहेरी हनुवटी एकेरी करायची, टकलावर केस लावायचे. घरी मात्र एका थोर व्यंगचित्रकाराची पेपरातली चित्रं कापून वहीत चिकटवायची आणि हुबेहूब तशी काढायची. त्यांची नाकं, त्यांच्या चपला, सगळं मला तोंडपाठ होतं.

लातूरला त्यांचा सत्कार ठरला. अध्यक्ष आमच्या तालुक्यातले, म्हणून बोर्ड आमच्याकडे आला. अध्यक्ष मोठे, सत्कारमूर्ती कोपऱ्यात. मी अध्यक्षांचं वय पंधरा वर्षांनी उतरवलं आणि सत्काराच्या दिवशी माझी चौदा चित्रं पिशवीत घालून एसटीनं लातूर गाठलं. ती व्यंगचित्रकारांनी एकदा बघावीत, आणि मला हे जमेल की मी फ्लेक्सच करत राहावं, एवढं सांगावं.

नऊ भाषणं झाली. एकाही वक्त्याला त्यांचं एकही चित्र आठवलं नाही. एकानं तर त्यांच्या कवितांना वंदन केलं. फेटा कानांवर उतरलेला, ते निमूट बसून होते. वेळ जावा म्हणून मी निमंत्रणपत्रिकेच्या मागं अध्यक्षांना काढलं. दुकानात जे जे पुसलं होतं ते सगळं परत दिलं, वर थोडं पदरचं घातलं.

नंतर सत्कारमूर्तींच्या सहीसाठी रांग लागली. माझी पाळी आल्यावर त्यांनी चौदाही चित्रं शांतपणे पाहिली.

"ही तर माझीच आहेत की. तुझं कुठंय?"

दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पत्रिका पुढं केली. त्यांनी चित्र पाहिलं, पलीकडं फोटो काढून घेणाऱ्या अध्यक्षांकडं पाहिलं, परत चित्र पाहिलं. मग एवढे हसले की फेटा काढून खुर्चीवर ठेवावा लागला. अध्यक्षांनी लांबूनच हात जोडले.

"हे मी ठेवून घेतो," ते म्हणाले. "ती चौदा घरी ने. खाली सही कर, बिनसहीचं चित्र मी घेत नसतो."

आजवर मी सहीसुद्धा त्यांच्याच वळणाची करत आले होते. त्यांचा पेन हातात धरून विचार करत राहिले. मागचा माणूस कावला.

"ताई, आटपा की. लोह्याची गाडी हाय आमची. सही घेऊन राहिलात का देऊन?"

"देऊन," उत्तर त्यांनीच दिलं.

मी सावकाश सही केली.